शमीम आपा, तुम्ही बापाला बोलू दिलंत

प्रिय शमीम आपा,

परवा देहूरोडला तुमची शोकसभा झाली. तुमच्या भावाने माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेलो, हात जोडले आणि तसाच खाली उतरलो. एक शब्द फुटला नाही! समोर सगळे काळे कोटवाले, त्यांच्यापुढे चाकणच्या कंपनीत प्रेसवर पत्रे दाबणारा दत्ता काय बोलणार? घरी आल्यावर साक्षी म्हणाली, "पप्पा, बोलता आलं नाही तर लिहा. आपांनाच लिहा." म्हणून लिहितोय.

सभेत सगळे तुमच्या हुशारीबद्दल बोलले. मला मात्र तुमचं गप्प बसणं सांगायचं होतं.

माझी बायको मीरा डेंग्यूने गेली तेव्हा साक्षी तिसरीत होती, परी बालवाडीत. निघोज्यात भाड्याची खोली, गाव लांब परभणीकडे. मी दुसऱ्या शिफ्टला गेलो की शेजारच्या कमलकाकू पोरींना बघायच्या. एका आठवड्यात काकू लग्नाला गेल्या, आणि नेमकं तेव्हाच साक्षीने परीसाठी दूध तापवलं. पातेलं कलंडलं. परीचा हात भाजला. मी डॉक्टरकडे नेऊन पट्टी बांधून आणली. दोन दिवसांनी शाळेतल्या बाईंनी ती पट्टी पाहिली, पोरींना विचारलं, आणि घरी मोठं माणूसच नसतं हे कळल्यावर मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. मला फोन लागला नाही, कारण आमचे फोन कंपनीच्या गेटवर जमा. शिफ्ट सुटून घरी आलो तर खोलीला कुलूप. पोरी बालगृहात!

घरमालक म्हणाले, "आरं, सरकारी हाय तिथं. जेवाय-खायाला मिळतंय. तुला एकट्याला न्हाई जमायचं. पोरी तिथंच ऱ्हाऊ दे, सही करून मोकळा हो." वाईट माणूस नव्हता तो. पण मोकळा? कशातून मोकळा व्हायचं होतं मी?

कोर्टात गरिबांना फुकट वकील मिळतो असं कंपनीत माझ्या लाइनवरच्या एकाने सांगितलं. तिथे तुम्ही भेटलात. मी रडत "माझ्या पोरी, माझ्या पोरी" करत होतो. तुम्ही म्हणालात, "आधी बसा. पोरी पोरी करू नका, नावं सांगा." मी नावं सांगितली आणि कसा कोण जाणे, श्वास जागेवर आला.

"कुठे सही केलीत?"

"नाही मॅडम."

"मॅडम नको, आपा म्हणा. वाचल्याशिवाय कुठेही करू नका. आणि त्या शाळेतल्या बाईंवर चिडायचं नाही."

मी उसळलो. माझी लेकरं तिच्यामुळे गेली होती! तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "दत्ताभाऊ, भाजलेला हात बघून गप्प बसणारी बाई हवी होती का तुम्हाला शाळेत?" त्या दिवशी तुमचा फार राग आला होता आपा. ही बाई माझी वकील की त्यांची?

मग तुम्ही समजावलंत. पोरींचा निर्णय घेणारी बालकल्याण समिती म्हणजे पोलीस नव्हे, तिथे कुणी शिक्षा द्यायला बसलेलं नसतं. "त्यांना एवढंच बघायचंय, की तुम्ही कामावर असताना पोरी कुणापाशी असतात. त्याचं खरं उत्तर घेऊन जायचं. नसेल, तर आधी तयार करायचं."

आणि ते उत्तर तयार करायला तुम्ही स्वतः शेअर रिक्षाने निघोज्याला आलात की हो! खोलीत शेगडी जमिनीवर होती. तुम्ही पदर खोचून उकिडव्या बसलात आणि परीच्या उंचीला हात धरून म्हणालात, "ही इथे पोचते. ओटा बांधा." मी कडप्प्याचा ओटा बांधून घेतला. मग कंपनीत माझ्याबरोबर साहेबांकडे आलात. मला कायमची पहिली शिफ्ट मिळाली. पोरी शाळेतून यायच्या आत मी घरी पोचेन असं झालं, आणि सकाळी त्यांना शाळेत धाडायला, मला उशीर झालाच तर बघायला कमलकाकू होत्याच. समितीपुढे येऊन सांगायलाही त्या तयार झाल्या.

मध्ये एकदा बालगृहात भेटायला सोडलं. साक्षी गळ्यात पडली. परी लांबच उभी राहिली. म्हणाली, "पप्पा, मी दूध सांडलं म्हणून का?" मी बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकलं. बाहेर थांबलेल्या तुम्ही येऊन शेजारी उभ्या राहिलात.

सुनावणीच्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, "आपा, तुम्हीच बोला. माझी जीभ अडखळते." तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, हो म्हणालात!

आत समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "घरी बाईमाणूस नाही. दोन मुलींचं सगळं तुम्हाला जमेल?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. काय म्हणावं याला! शेवटी बोललो. शिफ्टचं सांगितलं, ओट्याचं, काकूंचं. त्यांनी विचारलं, "वेण्या कोण घालतं?"

"मीच घालतो. आधी सैल व्हायच्या, शाळेत पोचेपर्यंत सुटायच्या. आता संध्याकाळपर्यंत टिकतात."

बाई हसल्या. मग मला कुणी थांबवू शकलं नाही. मीराच्या आजारपणाचं बोललो. परीला अंधाराची भीती वाटते, साक्षी रुसली की जेवत नाही, सगळं सांगितलं. त्यांनी साक्षीला वेगळं बसवून तिचंही ऐकून घेतलं. पोरी घरी पाठवायचं ठरलं. काही महिने समितीकडून एक ताई घरी येऊन बघून जातील एवढीच अट.

बाहेर आल्यावर मी तुमच्या पाया पडायला वाकलो, तर तुम्ही मागे सरलात. "पाया कुणाच्या पडता? बोललात तुम्ही."

"पण आपा, तुम्ही गप्प का बसलात?"

"मी बोलून पोरी आणल्या असत्या, तर उद्या त्या ताई दारात आल्यावर तुम्ही मलाच शोधत बसला असतात."

माझ्या आयुष्यात कुणी माझ्यावर एवढा भरवसा टाकला नव्हता. तुम्ही माझ्या वकील होतात हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

एक तक्रार मात्र आहे. पोरी परत आल्यावर घरी कधी आला नाहीत! साक्षी दहावी झाली तेव्हा किती बोलावलं. तुम्ही म्हणालात, "मी आले की गल्ली विचारेल, वकीलबाई का आली? पोरींना विसरू द्या ते सगळं." आपा, त्या विसरल्या नाहीत, आणि बरंच झालं. परी आता नववीत आहे, गोळाफेकीत तालुक्यात पहिली आली. हातावरच्या डागाबद्दल कुणी विचारलं तर ऐटीत सगळी गोष्ट सांगते, आणि त्या गोष्टीत माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त असता. साक्षी नर्सिंगला आहे. तुमचं दुखणं आम्हाला कळवलं असतंत, तर तिने तुमच्या उशाशी रात्रंदिवस बसायला कमी केलं असतं का? का लपवलंत? आम्ही तुमचे कुणीच नव्हतो?

आमच्या लाइनला नांदेडचा महेश आहे. त्याचा मुलगा घरातून रुसून निघाला, स्टेशनवर सापडला, आता बालगृहात आहे. काल कँटीनमध्ये महेश ताटावरून उठला. "दत्ताभाऊ, माझ्याच्यानं न्हाई होणार. पोरगं तिथंच बरं." शिफ्ट सुटल्यावर मी त्याला तसाच तुमच्या ऑफिसात घेऊन गेलो. तुमच्या हाताखाली शिकलेली वकील मुलगी आता तिथे बसते. तिने त्याला आधी बसायला सांगितलं आणि मुलाचं नाव विचारलं. मी तोंड फिरवलं, नाहीतर तिथेच रडलो असतो.

सोमवारी त्याची सुनावणी आहे. मी सुट्टी टाकली आहे. आपा, महेश समितीचा जिना एकटा चढणार नाही. त्याच्यानंतर आमच्या कंपनीतला दुसरा कुणी असला, तर तोही नाही. माझा शब्द आहे तुम्हाला.

तुमचा,
साक्षी आणि परीचा बाप,
दत्ता