सरकत जाणारी ओळ

३ फेब्रु.
ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा रेडिओ स्टेशनवर. गळ्यातली गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही. कुजबुज तेवढी निघते. डॉ. म्हणतात, नस दुखावलीय, येईल. कधी ते सांगत नाहीत. माझा सकाळचा कार्यक्रम प्राजक्ता करतेय. चांगली करते. वाईट वाटायला हवं होतं. हल्ली काहीच वाटत नाही.
साहेबांनी काम दिलं. गाडीच्या रेडिओवर स्टेशनच्या नावाखाली ओळ सरकत जाते ना, ती लिहायची. गाण्याचं नाव, गायक, रस्ता कुठे तुंबलाय. तीही इंग्रजी अक्षरांत. इतकी वर्षं बडबडीचा पगार घेतला, आता गप्प बसायचा.

७ फेब्रु.
नागापूरला चौकात कंटेनर आडवा. ऐन कंपन्यांची शिफ्ट सुटायची वेळ. प्राजक्ता गाणं संपल्यावर सांगणार होती, माझी ओळ गाणं चालू असतानाच गेली. एका ड्रायव्हरचा मेसेज: 'वाचलं ताई, बायपासनं निघालो.' ताई म्हणजे प्राजक्ताच वाटली असेल त्याला. असू दे.

१२ फेब्रु.
सुप्याहून आबांचा फोन. माझा फोन सुनीलच उचलतो, माझ्या वतीने बोलतो. हल्ली नवरा कमी, दुभाष्या जास्त.
"रेडिओ रोज लावतो जावईबापू, पन पोरगी काय बोलंना."
सु.ने ओळीचं सांगितलं. पण आबांच्या ट्रान्झिस्टरला पडदा कुठला?
"मग मला कसं कळायचं?" म्हणाले, आणि ठेवून दिला.

१९ फेब्रु.
सु. सुप्याला जाऊन आला. आबा म्हणे रोज हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बसतात. गाडी थांबली की आमचं स्टेशन लावायला लावतात. "काय लिवलंय तेवढं वाचून दावा की. माझ्या पोरीनं लिवलंय." लोक वाचतातही. काल लग्नाला निघालेल्या एका बाईने चाक बसेपर्यंत सगळं वाचून दाखवलं.
ऐकताना मेथी निवडत होते. वाटलं, आता रडू येईल. थांबले थोडी. नाही आलं. पुढची जुडी घेतली.

२४ फेब्रु.
तपासणी. स्वरतंतू अजून हलत नाही. साहेब म्हणाले, "सकाळची वेळ प्राजक्ताला कायमची देऊ का? एक तारखेपर्यंत सांगा. घाई नाही." घाई नसती तर तारीख कशाला दिली असती.

२८ फेब्रु.
उद्या सांगायचंय. मान हलवली की झालं, त्याला आवाज लागत नाही. तरी हलवत नाहीये.
सकाळी दोन गाण्यांच्या मध्ये एक ओळ सोडली: आबा, बीपीची गोळी घेतली का. नियमात बसत नाही. कुणी बोललं नाही.
दुपारी स्टेशनवरच मोबाईल वाजला. आबा. सु. जवळ नाही. उचलला.
"जावईबापू, सांगा तिला, घेतली म्हनावं गोळी. टेम्पोवाल्यानं वाचलं."
तोंड उघडायची भीती वाटली. कितीतरी दिवसांनी काही वाटलं, तर हे.
"आबा," मी म्हटलं. घोगरं, फाटकं, पण निघालं.
तिकडे नुसते ट्रकचे आवाज. मग आबा म्हणाले, "कोन बोलतंय?"