बांधाकडची ओळ

११ ऑक्टोबर
रुपालीची स्ट्रॉबेरीची रोपं आली. महाबळेश्वरकडून, क्रेटमध्ये, वर ओलं गोणपाट. अर्धा एकर ऊस मोडून बेड पाडलेत. ठिबक, काळा कागद, सगळं नवं. माझ्या दोन वाफ्यांना ह्यांनी साधी जुनी नळी दिली नव्हती. धाकट्या जावेचं सगळं असंच थाटात. आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. दोन वर्षं मी बांधाच्या अलीकडे हेच लावते, ते काय गवत होतं?

१२ ऑक्टो.
रोपांची लागण. बाया आमच्या उसाच्या लागणीला येतात त्याच. बांधावरून बघितलं. उसाचं बेणं दाबतात तशी रोपं दाबत होत्या, गाभा पार मातीत. स्ट्रॉ.चा मधला गाभा उघडा राहिला नाही की रोप कुजतं. पहिल्या वर्षी माझी अर्धी रोपं अशीच गेली, तेव्हा कळलं. मला कोणी सांगितलं होतं?
रुपालीनं हात केला. "बरी बसली न्हवं ताई? घट्ट?"
म्हटलं, "बसली की."
खोटं नाही. घट्ट बसलीच होती.

१५ ऑक्टो.
आत्या दिवसभर तिकडे. सासू आम्हा दोघींची, जेवतात-झोपतात माझ्याकडे, कौतुक मात्र तिचं. गेल्या माघात मी पहिली फळं मीठ-तिखट लावून दिली तर म्हणाल्या, "चिंचंपरास आंबट हाय." आज तिच्या न आलेल्या फळांचं ठरत होतं. दात नाहीत, तर सायीत कुस्करून साखर घालून खाणार म्हणे.
मी जळतेय. लिहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं.

१७ ऑक्टो.
पानं मलूल. रुपाली म्हणते ऊन लागलं. पाणी वाढवलंय. म्हणजे आणखी कुजणार.
जेवण गेलं नाही.

१८ ऑक्टो.
ती बारामतीला औषध आणायला गेली. दुपारी रानात कोणी नव्हतं. बांध ओलांडला. गुडघ्यावर बसून पहिल्या ओळीची माती बोटानं सारली, एकेका रोपाची. सगळ्या ओळी करायच्या ठरवून गेले होते, खरंच. ओळ संपली, कंबर धरली, म्हणून जरा टेकले आणि मोबाईल काढला. तिचं स्टेटस. रोपांचा फोटो, खाली गावाचं नाव घालून 'सणसरमध्ये प्रथमच स्ट्रॉबेरी'.
प्रथमच.
हात धुतले, घरी आले.

२९ ऑक्टो.
सगळं गेलं. बांधाकडची ती एक ओळ सोडून. तिला नवी पानं फुटलीत. रुपाली बेडवर बसून रडली. मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं. आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. मग आत्या म्हणाल्या, "थोरलीला इचारायचं हुतं गं. तिला कळतंय त्यातलं."
दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या. आणि मला तिथं उभं राहवेना.

१ नोव्हें.
मी धुणं पिळत होते, रुपाली आली.
"ताई, जगल्याल्या ओळीतली माती बोटानं सारल्याली हाय. बाकी कुठंच न्हाय."
म्हटलं, "साळुंक्या उकरतात."
"एकाच ओळीत? सरळ?"
मी पिळत राहिले. पाणी कधीच निथळलं होतं. ती गेली.

५ नोव्हें.
तिची नवी रोपं उतरली. ह्या खेपेला निम्मीच. सकाळी दारात येऊन म्हणाली, "उद्या लागण हाय. तुमी यायचं."
"आता कळलंय की तुला कसं लावायचं."
"व्हय, त्या ओळीनंच दाखवलं. पन बायांना तुमी सांगायचं. आनि त्येच्या आदी मला सांगायचं, एकच ओळ का केली."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. आत्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या, त्यांनी मान वर केली.
चहा ठेवते म्हणून आत आले. तो उकळून आटला. दुसरा ठेवलाय. ती अजून बाहेर बसली आहे.