आई चौथ्या काउंटरवर

रविवार, ९ जून

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. धाकटीचा ताप उतरला हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक आहे.

तुम्ही विचारलंत, आईंना या वयात दुकानात का बसवलं. मी नाही बसवलं. बिलाच्या काउंटरवरच्या सगळ्या बायका माझ्या हाताखाली असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यातली एक सोडून गेली म्हणून मी घरी कुरकुरले, तर दुसऱ्या दिवशी आई मालकांसमोर हजर. म्हणाल्या, घरात भिंतींशी किती बोलू?

काम चोख करतात. फक्त गिऱ्हाइकांना सल्ले देतात. एकाला म्हणाल्या, एवढी बिस्किटं कशाला, पोट बिघडेल. मला समज द्यावी लागली. तिथे मुकाट्याने "हो मॅडम" म्हणाल्या आणि घरी भाजीतल्या मिठावरून सगळं व्याजासकट परत केलं.

तुमच्या भावाचं तुम्ही काही विचारलं नाहीत, मीही लिहिणार नव्हते. पण गेल्या आठवड्यात हे दुकानात आले होते. घर सोडून गेल्यापासून पहिल्यांदाच दिसले. हातात एक साबण घेऊन आईंच्याच रांगेत उभे राहिले. आईंनी साबण मशीनसमोर धरला आणि सगळ्यांना विचारतात तेच विचारलं, पिशवी हवी का.

"आई, हे काय चालवलंयस? ऊठ, ताईकडे सोडतो तुला."

मागची माणसं बघायला लागली.

आई म्हणाल्या, "काही तक्रार असेल तर आमच्या मॅडमशी बोला. त्या तिथे उभ्या आहेत."

मी पुढे गेले. कुणालाही सांगितलं असतं तेच सांगितलं, की रांग अडवू नका. ते साबण तिथेच टाकून निघून गेले. बिल रद्द करायला माझी किल्ली लागते. ती फिरवताना आईंच्या हाताला हात लागला, तर गार पडलेला. थोडा वेळ दुसरीला बसवू का, विचारलं. त्यांनी पुढच्या बाईंचे टोमॅटो काट्यावर ठेवले.

तेव्हा वन्सं, न्यायला येऊ का म्हणालात, त्यावर आईंचं उत्तर नाही असं आहे. रागावू नका. सुट्टी मिळाली की भेटायला येतील.

इथवर लिहिलं आणि खाली काय लिहावं ते कळेना. तुमचं-माझं नातं ह्यांच्यामुळे. नुसतं नाव लिहू का, असं आईंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वहिनीच लिही. सून माझी आहे."

तुमची,
वहिनी