गाऱ्हाण्याची सीडी

६ ऑगस्ट, मंगळवार

ड्राइव्ह गायब! काल लॅपटॉपचं अपडेट केलं, वर जागा अडवून बसलेलं सीडी लिहायचं जुनं सॉफ्टवेअरही काढून टाकलं. स्वतःवर भारी खूश होते. आज सीडी घातली तर ड्राइव्ह दिसतच नाही. बटण दाबलं की कप्पा बाहेर येतो, दिवाही लागतो, आणि लॅपटॉप म्हणतो असं काही माझ्यात नाहीच!

सीडी साधीसुधी नाही, आणि आजवर कोणी लावून बघितलेलीही नाही. जुनी होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली तेव्हा बाबांनी गाऱ्हाणं घातलं होतं, म्हणजे इथल्या देवांना एकेक नाव घेऊन राखण मागितली होती, त्याचं शूटिंग आहे. आमच्या खाडीतले जागेवाले, राखणदार देवचार, कोणामागून कोणाचं नाव – सगळं फक्त बाबांना पाठ. थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून नुसतं ‘आं आं’. लिहून कुठेच नाही. “गाऱ्हाणा कागदार उतरवचा नसता,” हा त्यांचाच दंडक.

नारळी पौर्णिमेला सिद्धेशची नवी होडी पाण्यात जायची आहे. आज तोंड पाडून म्हणाला, “गाऱ्हाण्याबिगर मी होडी लोटूचंय नाय, ताय.” धाकटा असला तरी हट्टात माझाच भाऊ. बघते मी त्या ड्राइव्हकडे.

७ ऑगस्ट

बंद केला, चालू केला. परत बंद, परत चालू. काही नाही.

८ ऑगस्ट

कुडाळला दुकानात नेला. पोराने झाकणही उघडलं नाही. “ड्राइव्ह गेला ताई. आता सीडी कोण लावतं?” मी लावते! आमचा डीव्हीडी प्लेअर खाऱ्या हवेने कधीच खाल्ला, आणि वाडीतल्या नव्या लॅपटॉपना कप्पाच नाही. सगळ्यांकडे विचारून झालं.

घरी येऊन ठरवलं – उद्या स्क्रू काढून स्वतःच बघायचं.

९ ऑगस्ट, नागपंचमी

स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि आये ओरडली. “आज चिरूचा-फाडूचा नाय गो! खंयचा काय उघडतंस?” म्हटलं, आये, लॅपटॉपात नाग नाही. “आसांदे. उद्या उघड.”

चरफडत हात जोडून बसले. उघडता येईना म्हणून नुसतं वाचत बसले, आणि बरंच झालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे पिवळा त्रिकोण! म्हणजे ड्राइव्ह जिवंत आहे, त्याची वाट अडलीय. ते सॉफ्टवेअर गेलं, पण जाताना लॅपटॉपच्या नोंदवहीत, रजिस्ट्रीत, आपल्या दोन नोंदी सोडून गेलं. लॅपटॉप प्रत्येक वेळी आधी त्याला हाक मारतो, उत्तर येत नाही, की ड्राइव्हलाच नाही म्हणतो. स्क्रू काढले असते तर चांगल्या ड्राइव्हची वाट लावली असती.

१० ऑगस्ट

आधी रजिस्ट्रीची प्रत ठेवली. मग त्या दोन नोंदी पुसल्या. बंद. चालू. दिसला!! कप्पा आत गेला, सीडी घरघरली, मी घरभर नाचले.

आणि पडद्यावर बाबांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि वाजलं काय, तर सिनेमातलं गाणं! शूटिंगवाल्याने सबंध सीडीवर गाणी चढवलीत. लग्नात करतात तसं. बाबांचे ओठ हलतायत आणि मागे ढोलकी. रडूच आलं.

११ ऑगस्ट

रडून काय होणार? आवाज बंद केला. नुसते ओठ बघायचे. तासाभराने एक ‘म्हाराजा’ ओळखला.

आये तांदूळ निवडता निवडता मागे येऊन उभी राहिली. “हय थांबव. हो खाडयेच्या तोंडावरचो देवचार. बघ, नाव घेताना तेंची मान वाकडी होता.” माझे डोळे विस्फारले. इतकी वर्षं ऐकणाऱ्यांच्या मागे उभी होती, सुटं काही आठवत नव्हतं. पण ओठ बघितले की आठवतं.

१४ ऑगस्ट

एकेक नाव पक्कं होतंय. इथे लिहीत नाही – बाबांचा दंडक. तोंडीच घोकायचं.

बाबा मात्र लॅपटॉप उघडला की भिंतीकडे तोंड फिरवतात. रागावलेत. बायकांनी गाऱ्हाण्यात हात घातला म्हणूनच असणार. वाईट वाटतं. थांबणार नाही.

१७ ऑगस्ट

सिद्धेशला शिकवतेय. पाचव्या नावाला गडी अडकतो, घामाघूम होतो. “माझ्या तोंडात बसणाच नाय. ताय, तूच घाल.” वेडा की काय! वाडीतले काय म्हणतील? आये म्हणाली, “म्हणतले काय ता म्हणतले. होडी कोणाची?”

१८ ऑगस्ट

ठरलं. मी घालणार. शेजारचे धोंडूकाका फाटकातूनच, “बायलमाणूस गाऱ्हाणा घालतला?” मी म्हटलं, घालतला.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

किनाऱ्यावर बाबांना खुर्चीत बसवलं. हातात नारळ धरून मी पहिली ओळ म्हटली. दर ओळीला जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं असतं, पण कोणीच तोंड उघडेना. धोंडूकाका समुद्राकडे बघत होते. मी तीच ओळ परत म्हटली.

मागून, खुर्चीतून, जड जिभेने, पण लख्ख – “व्हय… म्हाराजा!”