बुजवलेल्या तलावासमोरचे घर

मी, श्रीमती आयडेला मे गॅस्टन, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम, आता काही नाही, राहणार एलरबी, राज्य अलाबामा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला गावात माणसे उरली आहेत कुठे?

१. घर व मागचे परसू माझी मुलगी रेनिटा हिला. फोनवर ती म्हणाली, "मम्मा, ते घर फुकट दिलं तरी कोण घेणार? तू अटलांटाला ये ना!" तिचे खरे आहे. कारखाना मेक्सिकोला गेला, मग शाळा बंद पडली, मग दवाखाना. माझे यजमान ओटिस दुसऱ्या गावच्या दवाखान्याच्या वाटेवर रुग्णवाहिकेतच गेले. तरी घर तिलाच. गिऱ्हाईक मिळाले नाही तर पडू द्यावे, डागडुजीला पैसा घालू नये.

२. शिवणयंत्र व बिडाचा तवा चर्चमधली मैत्रीण कोरीन हिला. तिचा मक्याचा पाव दर वेळी खालून करपतो. तवा बदलून फरक पडेल असे नाही, पण घ्यावा.

३. घरासमोरची मोकळी जागा माझ्या मालकीची नाही, पण तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होत नाही. तिथे गावाचा पोहण्याचा तलाव होता. आम्हा काळ्यांना तो कुंपणाबाहेरून बघायची मुभा होती. १९६४ च्या उन्हाळ्यात कोर्टाचा हुकूम आला, तलाव सर्वांना खुला करा. आईने माझा धाकटा भाऊ लुशियस याला पडद्याच्या निळ्या कापडाची चड्डी शिवली. रविवारी तो ती पँटच्या आत घालून चर्चला आला. "ताई, नाकात पाणी गेलं तर काय करायचं गं?" हेच त्याचे चालले होते. सोमवारी आम्ही दोघे फाटकाशी गेलो, तर आत बुलडोझर माती लोटत होता. आमच्यासोबत पोहण्यापेक्षा गावाने तलाव बुजवणे पसंत केले.

लुशियस म्हणाला, "जाऊ दे. नदी आहे ना." ऑगस्टमध्ये तो नदीत बुडाला. त्याला पोहायला कोणी शिकवलेच नव्हते.

बुलडोझर चालवणारा हार्लन स्टब्स. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बाकीचे गोरे गाव सोडून गेले, हा गल्लीच्या टोकाला एकटा राहिला. माझी औषधे तोच गाडीतून आणून दारात ठेवतो. मी आभार मानते. माफ केलेले नाही. माझ्या अंत्यविधीत 'तिने सर्वांना माफ केले' असे कोणीही बोलू नये. पाद्रीबुवांनी ही ताकीद समजावी.

४. मला चर्चच्या आवारात लुशियसशेजारी पुरावे. चर्च आता महिन्यातून एकदा उघडते, तेव्हा गवत माजलेले असेल. रेनिटाने तेवढे कापून घ्यावे. पुन्हा येण्याची तसदी घेऊ नये.

५. ज्यांना यातून काही मिळत नाही असेच साक्षीदार हवेत, असे वकीलसाहेबांनी सांगितले. एक मिळाली टपाल वाटणारी टमिका रड. दुसरे कोणी सापडेना, म्हणून हार्लनला बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. मी वाचायला दिला.

"तुला यात काही ठेवलेलं नाही हं, हार्लन."

"ठाऊक आहे, मिस आयडेला."

तिसऱ्या कलमाशी तो थांबला. चष्मा काढून नुसता हातात धरून बसला.

"काही खोटं लिहिलंय का मी?"

"खोटं नाही. राहून गेलंय. तुमच्या भावानं कुंपणापाशी येऊन मला हात केला होता. मी तलाव साफ करतोय असं वाटलं त्याला. हसत होता. मीही हात केला. आणि पुढचा ढीग लोटला. तेवढं घाला त्यात."

त्याच्या सांगण्यावरून ते येथे घातले आहे.

स्थळ: एलरबी, अलाबामा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९

सही: आयडेला मे गॅस्टन

आमच्या समक्ष सही केली:
१. टमिका रड
२. हार्लन स्टब्स