न चमकलेल्या नळ्या

बाई, तुमच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या आम्हा सगळ्यांची एकच तक्रार आहे: तुम्ही आम्हाला कधी 'जमलं' म्हणू दिलं नाही. डीएनएच्या धाग्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंजका बसवायचा. त्याला सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा बिघडलेला डीएनए भेटला की जांभळ्या दिव्याखाली नळी लाल चमकते. माझी पहिली नळी चमकली तेव्हा मी टेबलापाशीच भाषण सुरू केलं. तुम्ही तिच्यात मिठाचं पाणी टाकलंत. लाली विझली. "मिठाने चांदी गप्प होते," तुम्ही म्हणालात, "तू कशाने होशील ते सांग." सगळे हसले. ते हसू मी तुम्हाला कधी माफ केलं नाही.

तुमच्या शोकसभेतही मी बोलले, की चुकण्याच्या भीतीपोटी विज्ञान कपाटात सडतं, आणि टाळ्या घेतल्या. मग गेल्या वर्षी सुरगाण्याकडच्या एका गावात सिकलसेल तपासणीचं शिबिर भरवलं. तिथल्या माणसांनी एका तपासणीसाठी नाशिकला किती खेपा घालायच्या, हा माझा राग खरा होता, आजही आहे. नळ्या ओळीने मांडल्या, दिवा लावला. एकही चमकेना. मी माइक घेतला: "या गावात सिकलसेल नाही."

परवा त्या गावातली एक आई मुलीला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. पोरीचे हातपाय सुजलेले. सरकारी दवाखान्यात सिकलसेल निघाला होता. ती ओरडली नाही. "ताई, तुमीच मायकात बोलल्या ना, कोणाला काय नाय? पोर दुखतं दुखतं म्हनायची, अन् मी तिला कामचुकार म्हनलं." मी पाणी दिलं. तिने ते पोरीला पाजलं.

रक्तातून काढलेला डीएनए आमच्या लोकांनी सलाइनमध्ये पातळ केला होता. हाताशी तेच होतं. सलाइन म्हणजे मिठाचंच पाणी. रोग असलेल्या रक्ताची एक नळी शेजारी ठेवली असती, तर तीही अंधारी राहिली असती आणि चूक तिथेच कळली असती. अशा नळीशिवाय तुम्ही आम्हाला दिव्याचं बटण दाबू देत नव्हता. आणि बाई, सलाइनची बाटली मी माइक हातात घेण्याआधी पाहिली होती. लोक बसले होते. मला बोलायचं होतं.

हे पत्र कुठे टाकणार? उद्या त्या गावात जाते आहे, एवढंच सांगायला: माझ्या शिबिरात ज्यांची तपासणी झाली, त्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त पुन्हा तपासून घ्यावं.