चौदा तासांची बैठक

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. चार-पाच महिने, म्हणाले. विमानात बसायला मला मनाई आहे, आणि तूही निघायचा हट्ट धरू नकोस. अंतर अकरा हजार किलोमीटर, विमान सलग चौदा तास. चाळीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिलीस, तासभर बसलीस की तुझी कंबर धरते. मी बस चालवत बसून जन्म काढला, तू उभ्यानं. तुला न भेटता जायचं जिवावर येतं, पण तुझे हाल नकोत.

हिचा नमस्कार. लोभ असू दे, राग नको.

तुझा भोंग्या

१९ जून

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले, मग तुझा रागही आला. लहानपणी भोकाड पसरून गल्ली डोक्यावर घेणारा तू, आणि आता असा गुपचूप निरोप घेतोस?

गिऱ्हाइकांची लाकडी खुर्ची टेबलामागं ओढली आणि बसायचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी दीड तासात डोळ्यांपुढं काजवे चमकले. काल चार तास झाले. शेजारचे चपलांचे दुकानदार घड्याळ लावतात आणि मी आधी उठले की ओरडतात. मधे दोनदा पाय मोकळे करते, तेवढं विमानातही चालतं म्हणे. चौदा झाले की तिकीट काढते. तोवर तग धर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नऊ तासांवर पोचलीस हे वाचून इतका हसलो की टाके दुखले. ताई, चौदाची वाट बघू नकोस. आहेत तेवढ्या तासांवर ये. मला आता धीर धरवत नाही.

लोभ आहेच, पाय लवकर उचल.

भोंग्या

१२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

त्याला शेवटचं घरी घेऊन तू आलीस, सगळं निभावून परत गेलीस. वन्सं, विमानतळावर तुम्ही एवढ्या वाकून का चालत होतात, असं पत्रात विचारलंस. सगळ्यांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण खरं तुला सांगते.

त्याचं पत्र आलं त्याच दिवशी अठ्ठाविसाचं तिकीट काढलं, आणि माझा भाऊ एकविसाला गेला. चौदाचा हट्ट माझाच. नऊ झाले तेव्हाच निघाले असते तर भेट झाली असती. हे मला जन्मभर खाणार आहे.

तुमचं विमान उडाल्याचा फोन आला तशी मी खुर्चीत बसले. या वेळी पाय मोकळे करायलाही उठले नाही. त्याला कुठं उठता येत होतं? दुकानदार स्टूल घेऊन शेजारी बसून राहिले, घड्याळ न लावता. शेवटचा दीड तास टॅक्सीत गेला. तुम्ही उतरलात तेव्हा चौदा पुरे झाले होते.

तिकडे एकटी कुढत बसू नकोस. तो गेला तरी आपलं नातं आहे तसंच ठेव. बोलावलंस तर लगेच निघेन. चौदा तास बसता येतं मला.

तुझी वन्सं